मिलिंदची नववी पायरी

मिलिंद गेल्याचं त्याच्या बहिणीनं अकोल्याहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी अमरावतीत माझ्या टेबलाशी त्याच्याच उत्तराची वाट बघत बसले होते. सकाळी त्याला कामाचं काहीतरी विचारलं होतं... झोपेतच गेला, म्हणाली. मी काय बोलले ते आठवत नाही.

आम्ही दोघं एकाच कंपनीचं काम आपापल्या घरून करायचो. दूरचे क्लाउड सर्व्हर ब्राउझरमधूनच चालू-बंद करता यावेत, असं एक मॉड्यूल बांधत होतो. त्यात काही बदल करायचा तर आधी त्याचा सगळा संसार आपल्या लॅपटॉपवर मांडावा लागे. मिलिंदनं आमच्या टीममधल्या सगळ्यांसाठी त्याच्या अकरा पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. नवव्या पायरीला मात्र एवढंच : 'ही कमांड द्या अन् मले फोन करा.' खाली नंबर. मी चिडायचे. इतका हुशार माणूस, आणि हा काय आगाऊपणा!

"पुढचं लिहून कावून नाही ठेवत रे?"

"लिहून ठेवलं त तू फोन करशीन का?"

मग फोनवर त्याच्या कूलरची घरघर, बहिणीच्या तक्रारी, "आज काय भाजी केली?" बोलता बोलता पायरी पार झालेली असे. तो तिकडून काहीतरी करतो, अशी माझी समजूत.

गेल्या आठवड्यात मला नवा लॅपटॉप मिळाला. मॉड्यूल त्यावर उभं राहिलं नाही तर काम अडणार होतं, आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं. नववी कमांड दिली. पडदा गप्प. काही बिघडलं असं वाटून मी बंद करून पुन्हा सुरू केली, दोनदा. दोन्ही वेळा सगळं मोडलं. तिसऱ्यांदा हात मांडीवर ठेवून नुसती बसले. दुपार चढली होती, डोळे जड झाले... आणि त्याचाच आवाज, "कावून घाई करून राहिली वं? बोल ना." आणि मी खरंच बोलले. वांग्याची केली, म्हटलं. तू नाहीस तर करमत नाही, म्हटलं. डोळे उघडले तेव्हा मॉड्यूल चालू झालेलं होतं.

करायचं काहीच नव्हतं. कमांड आतल्या आत पुरी होईपर्यंत बारा-पंधरा मिनिटं थांबायचं होतं. तो आम्हाला फक्त बोलण्यात गुंतवून ठेवत होता. मी पोटभर रडले.

'थांबा' असं तिथे लिहिता आलं असतं. पण एकटं कोणी थांबत नाही, हे मी नुकतंच पाहिलं होतं. ती ओळ मी तशीच ठेवली. त्याचा नंबर पुसला आणि माझा लिहिला.