दत्तारामाचं पित्त आणि रापणीची हाक

आमच्या शेजारचा दत्ताराम एकटा. बायको घरात बोलत बसेल, या भीतीनेच त्याने लग्न केलं नसावं, असं मी म्हणते. त्याचं सगळं बोलणं रापणीवर व्हायचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढायचं मोठं जाळं; जो दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा. पहाटे म्होरक्या दाजी घराघरासमोर नाव घेऊन हाक मारतो. हाकेशिवाय कोणी जात नाही.

२००६ साली दत्तारामाच्या अंगावर पित्त उठायला लागलं. कुडाळात कसलंसं शिबिर होतं. थोडं रक्त दिलं की कुठलं अन्न सोसत नाही ते कळणार म्हणे. रिपोर्ट आला. बांगडा, कोळंबी, नारळ, तांदूळ, सगळं वर्ज्य.

"आता खुर्ची तेवढी खाऊक रवली तुका," मी म्हटलं. तो हसला नाही.

मासे सुटले, तशी दाजीने हाकही सोडली. वाटा नको त्याला दोरी ओढायला लावणं आमच्यात बरं दिसत नाही. कुंपणापलीकडून नाचणीच्या पेजेशिवाय वास येईना. मी टोमणे मारायचे, तो उलट टोमणा मारीना. मजाच गेली.

पित्त मात्र उठतच होतं. शेवटी मीच त्याला मालवणात एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मासे खाल्ल्यावर लगेच कधी त्रास झाला का, त्यांनी विचारलं. कधीच नाही. "मग ही ॲलर्जी नव्हे. असल्या तपासणीत तुम्ही नेहमी काय खाता तेच बहुतेक दिसतं," त्या म्हणाल्या. पित्ताला रोजची गोळी दिली. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर कोणालाही टोचा, बांगडाच निघणार!

त्या दुपारी त्याने आमच्याकडचा बांगडा खाल्ला. काही झालं नाही.

पण हाक येईना. दाजीक सांग, म्हटलं तर म्हणे, हाक काय मागून घेवची? रोज पहाटे डोक्याला टॉवेल गुंडाळून पडवीत बसायचा. दाजी माझ्या नवऱ्याला हाक मारून पुढे जायचा आणि वाळूतली पावलं लांब जायची.

एका पहाटे अंधारातून दत्तारामाचा आवाज आला. "दाजी, मी मासे खातंय."

दाजी थांबला. "मगे बसलंस कित्याक? दोरी काय घरी येतली?"

उन्हं वर आल्यावर दत्ताराम दोन बांगडे घेऊन परतला. कुंपणाशी उभा राहून रापणीवर कोण काय बोललं ते सांगत राहिला. माझा भात करपला. मग आपल्या घरात गेला, दार लोटून घेतलं आणि नेहमीसारखा एकटाच जेवला.