शेवटचे दोन तास

धम्मरत्न सरांच्या पोटात दुखायचं, आणि ते लपवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. दुखण्याचं कारण भिंतीपलीकडेच होतं. वरवट बकालजवळच्या त्या शाळेत आठवीच्या दोन तुकड्या. 'अ' जुनी, पूर्ण अनुदानाची. 'ब' नंतर काढलेली, सरकारने वीस टक्क्यांवर लटकवून ठेवलेली. पुस्तक एक, घंटा एक, गणितही तेच. पण 'अ'ला गणित शिकवणारा भाऊराव पूर्ण पगार घेई आणि 'ब'ला शिकवणारे धम्मरत्न त्याच्या पाचव्या हिश्शावर राबत. बी.एड.ला दोघे एकाच बाकावर होते, आणि धम्मरत्नांच्या वह्या उतरवून घ्यायचा तो भाऊराव. एक वर्ष आधी चिकटला म्हणून तो सरकारचा जावई झाला. धम्मरत्न मात्र मुंबईच्या मैदानात उन्हात बसून अनुदान मागत राहिले. भाऊरावची नवी गाडी निंबाखाली येऊन थांबली, की ते वर्गाची खिडकी लावून घ्यायचे.

वीस टक्क्यांत घर चालत नाही. म्हणून शाळेचे शेवटचे दोन तास बुडवून सर गावातल्या कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसत. मुख्याध्यापक डोळेझाक करीत, 'ब'ची पोरं मैदानावर धूळ उडवीत. पटावर पोरं कमी भरली तर तुकडी बंद, आणि तुकडीबरोबर सरही घरी. त्यामुळे दर मे महिन्यात ते दारोदार फिरत. "'ब' मंधी टाका, मी हाय ना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यंदा पट काठावर भरला, तोही स्वतःची पोरगी महामाया धरून. तिला विचारायचं काय त्यात? नाव त्यांनी केव्हाच चढवून टाकलं होतं.

जूनमध्ये एका सकाळी डबा भरता भरता महामाया म्हणाली, "बाबा, मले 'अ' मंधी जाचं हाय."

"काऊन? मी वाईट शिकवतो?"

"नाही. तुमचंच जास्त समजते. पण भाऊराव सर शेवटच्या तासाले बी राह्यतात. तुम्ही तीन वाजता चालले जाता."

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पगाराचा हेवा त्यांनी इतकी वर्षं पचवला होता, गाडीचाही. पण पोट भरलेलं असलं की माणसाला चांगला मास्तरही होता येतं, आणि तेही या वह्या उतरवणाऱ्याला, हे पचेना. पोरगी खोटं बोलत असती तर बरं झालं असतं. दिवसभर ते कुढत राहिले.

दुसऱ्या दिवशी पटावरच्या तिच्या नावावर रेघ मारून त्यांनी अर्ज भाऊरावच्या टेबलावर ठेवला.

"काऊन बे, सोताची पोरगी माह्याकडं?"

"तू शेवटच्या तासाले वर्गात राह्यतं, म्हून."

भाऊराव जो खुलला, ते बघून सरांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

आता 'ब'मध्ये एक पोर कमी होतं आणि पट मोजायला चार दिवस उरले होते. सर गावातल्या पंचफुलाबाईच्या दारात जाऊन बसले. आठवीत जाणाऱ्या तिच्या पोराचं नाव अजून कुठंच घातलेलं नव्हतं. सरांनी ठरलेलं वाक्य म्हटलं. पंचफुलाबाईने तूर पाखडायचं सूप खाली ठेवलं.

"टाकू ना," ती म्हणाली. "तुमची पोरगी बी यंदा आठवीतच ना, सर? कोण्या तुकडीत टाकली तिले?"

सरांनी आधी पाणी मागितलं.