राहीबाईची बोळ

नगरपालिकेत एखादी फाइल अडली, की तिच्याभोवती किस्से जमायला लागतात. माझ्या अख्ख्या नोकरीत सगळ्यात जास्त किस्से जमले ते एका बोळीच्या नावाचे.

ही बोळ धाराशिवच्या जुन्या पेठेत, मोठ्या घरांच्या मागं. निजामाच्या काळात राहीबाई सुईण तिथूनच यायची, बाळंतपण करायची आणि मागच्याच दारानं परत जायची. पुढचा उंबरा तिला कुणी ओलांडू दिला नाही. तिची नात यमुनाताई शिक्षिका झाल्या आणि बोळीला आजीचं नाव द्या, असा अर्ज घेऊन आमच्याकडं आल्या.

*

हेडक्लार्कनं विचारलं, "बाई स्वातंत्र्यसैनिक होत्या का?"

"न्हाईत."

"फोटो? प्रमाणपत्र?"

"न्हाय. साहेब, तुमच्या आईचं बाळंतपण कुणी केलं, तेवढं घरी विचारून या."

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनं मान खाली घालून अर्जावर आवकचा शिक्का मारला.

*

मग दुष्काळ पडला. बोळीच्या तोंडाशी टँकर यायचा. यमुनाताईंनी रांगेतल्या बायकांना सांगून ठेवलं, ड्रायव्हरनं पत्ता विचारला तर "राहीबाईची बोळ" एवढंच म्हणायचं. महिन्याभरात आमच्या पाणीपुरवठ्याच्या रजिस्टरात तेच नाव आलं.

पेठेतले मेंबर, म्हणजे तिथले नगरसेवक, तणतणत आले. त्यांना तिथं साखर कारखान्याच्या चेअरमनच्या वडिलांचं नाव हवं होतं. "ठराव न्हाय, काय न्हाय, हे नाव कुठनं आलं?"

रजिस्टर लिहिणारा शांतपणे म्हणाला, "मेंबरसाहेब, चेअरमनचे वडील या बोळीत कधी आलते का?"

*

पाटी यमुनाताईंनी ठरावाआधीच करून घेतली. नळदुर्गला ट्रक रंगवणारा पेंटर गाठला. त्याच्या हाताला सवय! नावाखाली त्यानं लिंबू-मिरची काढली आणि "पुन्हा भेटू" लिहून टाकलं. मी म्हटलं, पुसून घ्या.

"लिंबू पुसते. बाकीचं राहू द्या. एकदा गेली त्या घरी आजीला पुन्हा बोलावणं यायचंच."

बाईंचा हट्ट मला त्या दिवशी मनापासून आवडला.

*

ठराव तीनदा पुढं ढकलला. तिन्ही वेळा यमुनाताई शाळेत रजा टाकून सभागृहात मागं उभ्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. चौथ्यांदा हात वर झाले. पेठेतल्या मेंबरांचा तेवढा झाला नाही.

"नाव द्या," ते म्हणाले, "पण पाटीला भिंत कोण देतंय?"

खरंच कुणी देईना. सगळ्यांच्या भिंतींना नेमका तेव्हाच रंग द्यायचा होता.

*

एका सकाळी यमुनाताई पाटी आणि हातोडा घेऊन बोळीत शिरल्या. मी सोबत होतो. त्या थेट मेंबरांच्या घराच्या मागच्या दाराशी थांबल्या. दार उघडं होतं. आत मेंबरांची म्हातारी आई बसलेली.

"कोण गं?"

"राहीबाईची नात, आजी. पाटीला भिंत मागायला आले."

म्हातारी म्हणाली, "माझी चारी लेकरं तिच्या हातची. लाव आमच्या भिंतीला."

यमुनाताईंनी पिशवीतून खिळा काढला.

"थांब," म्हातारी म्हणाली. "अशी मागनं न्हाय. वळसा घालून पुढनं ये. पाटी घेऊन समद्या घरातनं चालत ये, अन् मग लाव."

आम्ही वळसा घालून पुढं गेलो. दार मेंबरांनीच उघडलं.