पार्किंगमधला खांब

मागं एकदा सकाळी जमीन हलली, तेव्हा आमच्या अपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांनी आधी मोबाईलवर "जाणवला का?" असं एकमेकांना विचारलं, मग जिने उतरले. उतरून उभे कुठं राहिले? पार्किंगमध्ये! डोक्यावर चार मजले, आणि ही शहाणी माणसं खाली सावलीला. बाहेर ऊन लागतं म्हणे. मी एकटी रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवरून ओरडत होते, तर सूनबाई म्हणाली, "आई, लोक हसायलेत."

हसू देत. मी तरी कुठली हुशार? तरुणपणी असाच धक्का बसला तेव्हा मी प्रेशर कुकर छातीशी धरून अंगणात पळाले होते; नवरा आत दाढी करत राहिला. पुढं हा फ्लॅट घेताना बिल्डरशी कडाकडा भांडले. कशावरून? ओट्याला काळा दगड की हिरवा! खांबात लोखंड किती, हे विचारायचं ह्या बाईला सुचलं नाही. काळा दगड मिळाला, तर अख्ख्या परभणीला सांगत सुटली.

परवा दुपारी खालून ठोकल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर पहिल्या मजल्यावरचा शेजारी मिस्त्रीकडून पार्किंगमधला खांब फोडून घेतोय.

"काय करायलास रे?"

"मावशी, नवी गाडी वळंना. कोपराच छाटायलोय, चार बोटं."

"तुझ्या मांडीचं हाड छाटू का चार बोटं? बघू कसा चालतोस!"

"एकच तर खांब हाय. बाकीचे हायत की."

माझं डोकं फिरलं. त्याच खांबावरच्या खोलीत माझी नात झोपते. मुलाला बोलावलं, तर तो म्हणतो, "आई, शेजाऱ्याशी वाकडं कशाला?" देवघराची दिशा बघायला सगळ्यांना सवड आहे. खांब बघायला इंजिनिअर आणा म्हटलं की सगळ्यांच्या मीटिंगा!

मग मी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, फुटलेल्या कोपऱ्याला पाठ लावून बसले आणि मेथी निवडायला घेतली.

"मावशी, उठा ना. मिस्त्री खोळंबलाय."

"उठते की. आधी इंजिनिअर आण, मग चहा सांग. दोन्ही आले की उठते."

मिस्त्री कंटाळून गेला. गाडी आता रस्त्यावर असते, कबुतरं तिच्यावर काय करायचं ते करतात आणि मला लय बरं वाटतं. पण खांबातली सळई उघडीच आहे. रोज दुपारी मी भाजी घेऊन तिथं बसते. "मावशी, वारा खायलात का?" असं कुणी विचारलं की सळईकडं बोट दाखवते. ते बघतात, मान हलवतात आणि लिफ्टचं बटण दाबतात.