मऊ चकली घेऊन खडकी ते नारायण पेठ

तेलातून काढताना खणखणीत वाजणारी चकली डब्यात गेल्यावर मऊ का पडते?

मला माहीत नाही. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे, आणि तरीही मला माहीत नाही. दिवाळीच्या तोंडावर आईने डबा उघडला, एक चकली मोडून पाहिली आणि ती मोडलीच नाही, नुसती वाकली. तेव्हा सगळं घर माझ्याकडे पाहायला लागलं.

"तू शिकली ना एवढी?" आई म्हणाली. "मंग सांग, काहून मऊ पडली?"

मी बाष्प, आर्द्रता वगैरे बोलायला सुरुवात केली. आईने हात वर करून मला थांबवलं. "कारण नको सांगू. कडक कर."

खरं तर या दिवसांत मी काश्मीरला असायला हवं होतं. ऑफिसमधल्या मैत्रिणी चिनारची लाल पानं बघायला गेल्या आहेत. मलाही त्या झाडाखाली उभं राहून आयुष्याबद्दल कृतज्ञता वाटून घ्यायची होती. पण बाबा डिसेंबरअखेर कारखान्यातून निवृत्त होतायत. म्हणजे खडकीच्या सरकारी क्वार्टरमधली आमची ही शेवटची दिवाळी. मी जन्मले ते इथेच. जानेवारीत आम्ही कात्रजच्या बाजूला, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार. तेव्हा ठरवलं की चिनार राहू दे, कृतज्ञता घरीच करू.

त्याप्रमाणे एका रात्री जेवताना मी जाहीर केलं की आज प्रत्येकाने एका गोष्टीचे आभार मानायचे.

"कशाचे?" बाबांनी विचारलं.

"कशाचेही. मनापासून."

बाबांनी बराच विचार केला. "पंख्याचे," ते म्हणाले.

आई म्हणाली, "आभार कायचे मानून राहिली, आधी तो भात संपव."

बाबांचं चूक नव्हतं म्हणा. पुण्यातला शरद ऋतू हा एक ऋतू नाहीच, दिवसाला तीन असतात. पहाटे गोधडी सोडवत नाही, मैदानातल्या गवतावर दव असतं. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. आणि संध्याकाळी, सगळे आकाशकंदील बाहेर टांगून झाले की, परतीचा पाऊस 'काही विसरलं का' म्हणून पुन्हा डोकावून जातो. प्रवासाला येणार असाल तर स्वेटर, छत्री आणि टोपी तिन्ही आणा. यातलं काहीच योग्य वेळी जवळ नसेल, पण आणा.

तर, चकली. आमच्या इमारतीत दर दिवाळीला आई प्रत्येक घरी फराळाचं ताट पाठवते, आणि आईच्या ताटातली चकली आधी संपते हे सगळ्यांना माहीत आहे. यंदा मात्र वाकलेली चकली पाहून तिने सोऱ्या धुऊन फळीवर ठेवला आणि सांगून टाकलं, "यंदा ताटं नाही जाणार."

"मग चकलीशिवाय पाठव," मी म्हटलं.

"अर्धं ताट? शेवटचं ताट, आणि तेही अर्धं? का मऊ चकली ठेवू? एवढी वर्षं कडक दिली ते कोणी नाही लक्षात ठेवणार. वनिताबाई जाताना मऊ चकली देऊन गेल्या, हेच म्हणतील." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आणि तिकडं नव्या घरी तर कोणाले ओळखतही नाही. तिथं कोणाले देऊ ताट?"

या शेवटच्या वाक्यामुळे मी प्रवासाला निघाले.

कुठे जायचं हे उघड होतं. आई लग्न करून वर्ध्याहून इथे आली, तेव्हा शेजारच्या शालूकाकूंनी तिला भाजणीची चकली शिकवली, असं आमच्या घरात सांगतात. काका गेल्यानंतर शालूकाकू नारायण पेठेत मुलाकडे राहायला गेल्या. आई अजूनही पहिला घाणा तेलात सोडताना "शालूवहिनी" असं पुटपुटते. लोक देवाचं नाव घेतात, आई शालूवहिनींचं. म्हणजे आमच्या चकलीचा उगम नारायण पेठेत. नदी आटली की उगमाकडे जावं.

मी डब्यात पाच-सहा मऊ चकल्या घेतल्या आणि सकाळी निघाले. खडकीहून पेठांकडे जायला आता मेट्रो बरी. बसमध्ये गंमत जास्त आहे, पण डबा मांडीवर ठेवायला जागा मिळेलच असं नाही. मध्ये गाडी बदलली की मेट्रो नदीच्या पात्रातून, उंचावरून जाते, तेव्हा उजवी-डावीकडे न बघता सरळ खाली बघा. पाण्यावर धुकं असेल तर नदी अगदी स्वच्छ दिसते. मेट्रोतून उतरून मी पुढे चालत गेले. दिवाळीच्या दिवसांत पेठांतून चालायला लागणारा वेळ अंतरावर नाही, पणत्या बघायला किती वेळा थांबता यावर ठरतो. मी सहा पणत्या घेतल्या. लागत नव्हत्या. वाटेत एका अमृततुल्यात चहा आणि क्रीम रोल घेतला. एवढ्यात पोट भरतं आणि खिशाला कळतही नाही.

शालूकाकूंनी दार अर्धंच उघडलं.

"कोण?"

"काकू, मी! खडकीहून. वनिताची मुलगी."

"अगं बाई. मोठी झालीस." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फार नाही, पण झालीस. ये. चपला आत काढू नकोस, बाहेरही काढू नकोस. उंबऱ्यापाशी काढ."

मी सगळी हकीकत सांगितली. शेवटची दिवाळी, वाकलेली चकली, न जाणारी ताटं. डबा पुढे केला. काकूंनी एक चकली खाल्ली. मग दुसरी. मग डोळे मिटून तिसरी.

"छान आहे की," त्या म्हणाल्या.

"मऊ नाही वाटत?"

"मला काय विचारतेस? कवळी आहे मला."

मी म्हटलं, बरं, पण चूक काय होत असेल ते तरी सांगा. मोहन जास्त झालं का, भाजणीत कुठली डाळ चुकली, तेल कमी तापलं, काय? तुम्हीच आईला शिकवलंत ना.

आतल्या खोलीत मुलगा-सून नाहीत ना, हे काकूंनी वळून पाहिलं.

"मी नाही शिकवलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी तिला सोऱ्या दिला. पितळी. माझ्या माहेरचा. तिने चकल्या केल्या. मी पाटावर बसून मान हलवत होते."

"पण आई म्हणते—"

"मान हलवली की समोरच्याला वाटतं आपल्याला कळतं. माझी चकली जन्मात कधी कडक झाली नाही गं. मला तर वाटायचं चकली मऊच असते, लोक उगाच दात दाखवायला कडक करतात."

"मग तुमच्याकडे पाहुण्यांना जी चकली असायची ती?"

"तुझ्या आईच्या ताटातली." काकूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "लोक विचारायचे, घरची का? मी म्हणायचे, घरची. खोटं कुठे? कुणाच्या तरी घरचीच होती."

उगमाच्या जागी खडक लागला होता. मला एकदम हसू यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्हीच्या मध्ये मी चौथी चकली खाल्ली. एवढी वर्षं आईचे आभार चुकीच्या पत्त्यावर जात होते, आणि त्या पत्त्यावर ते कोणी परतही पाठवले नव्हते.

"आता काय करायचं काकू?"

"काय म्हणजे? चल." आणि काकू स्वेटर शोधायला उठल्या. बाहेर दुपारचं ऊन कढईसारखं तापलं होतं. "संध्याकाळी गार होतं," त्या म्हणाल्या आणि वर कानाला स्कार्फही बांधला.

परतीच्या मेट्रोत समोरच्या मुलीने डब्याच्या वासाने मान वर करून विचारलं, "फराळ का आजी?"

"नाही," काकू म्हणाल्या. "पुरावा आहे."

घरी आल्यावर आईला एवढा आनंद झाला की तिने चकलीचा विषयही काढला नाही. काकूंनीच काढला. स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहून, पाण्याचा पेला हातात धरून त्यांनी सगळं सांगून टाकलं. सोऱ्या, पाट, हलवलेली मान, पाहुणे. मी दारात उभी होते. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

आईने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"म्हंजे मी माह्याच मनानं शिकली?"

"हो."

"कोणी नाही शिकवली?"

"कोणीच नाही."

"माय वो!" आई मटकन स्टुलावर बसली. "आणि मी तुमचं नाव घेऊन घाणा टाकत होती!"

"म्हणूनच मऊ पडली असणार," काकू म्हणाल्या. "यंदा ते नाव पोचलं माझ्यापर्यंत."

मग दोघी इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरच्या कांबळेमामी काय झालं बघायला वर आल्या. त्यांना कारण कळलं तशी त्यांनी सोऱ्या फळीवरून काढला. नवी भाजणी भिजवली. मामींचं मत पडलं, डाळ जुनी आहे. बाबा म्हणाले, हवा दमट आहे. काकूंनी पाटावर बसून मान हलवली. चकल्या सुरेख झाल्या, काटेरी, खणखणीत. आम्ही त्या वर्तमानपत्रावर पसरून पंखा लावला आणि चौघं-पाचजण त्यांच्याभोवती बसून राहिलो, आजारी माणसाजवळ बसतात तसे.

सकाळी त्या वाकल्या.

आता मात्र आईने सोऱ्या कापडात गुंडाळून सामानाच्या खोक्यात टाकला. "झालं. ताटं नाही."

रात्री आमच्याकडेच राहिलेल्या काकूंनी चहा संपवला, स्वेटर चढवला आणि "जरा जुन्या ओळखी बघून येते" म्हणून जिन्याने उतरल्या. मला वाटलं, खरंच ओळखी बघायला गेल्या. थोड्या वेळाने दार वाजलं. कांबळेमामी, हातात ताट. "वनिता, म्हटलं यंदा आपणच आधी द्यावं." त्यांच्या मागोमाग पिल्ले आंटी, मुरुक्कूचं, म्हणजे त्यांच्याकडच्या चकलीचं, ताट घेऊन. मग वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं, त्यांच्या ताटात विकतचा सोनपापडीचा डबा, तसाच, रिबिनीसकट. ओट्यावर जागा उरली नाही.

आई ताटांकडे बघत राहिली. मग दारातून सावकाश आत येणाऱ्या काकूंकडे.

"तुम्ही सांगितलं यांना."

"मी कशाला सांगू? मी मान हलवली."

तुम्ही मराठी घरात वाढला असाल तर इथे काय अडचण झाली ते सांगायला नको. आलेलं ताट रिकामं परत करता येत नाही. साखर घालून दिलं तरी चालतं, पण दिवाळीत साखर घालणं म्हणजे भांडण काढणं. आईने लाडू ठेवले, शंकरपाळे ठेवले, करंज्या ठेवल्या. प्रत्येक ताटात एक गोल जागा रिकामी राहिली, अगदी चकलीच्या मापाची. तिने मोठा श्वास घेतला आणि डबा उघडला.

कांबळेमामींनी तिथेच, उभ्याउभ्या एक खाल्ली. "मऊ आहे गं वनिता."

"हो. मऊ आहे."

"तुझीच आहे पण. ओवा तोच." मामी चावत राहिल्या आणि मग एकदम त्यांचे डोळे भरले. "आता पुढच्या वर्षी कोण देणार गं मला मऊ चकली?"

"पुढच्या वर्षी कडक देईन," आई रागावून म्हणाली आणि तिनेही पदर डोळ्याला लावला. पिल्ले आंटींनी प्रसंग सावरायला मुरुक्कू पुढे केला. तोही मऊ होता. बाबा विजयी मुद्रेने म्हणाले, "हवा!"

चिनारखाली मला काय वाटलं असतं ते आता कळणार नाही. मैत्रिणींचे फोटो आलेत, पानं खरंच लाल आहेत. पण त्या दिवशी आमच्या ओट्यासमोर मला जे वाटलं त्याला मी कृतज्ञता म्हणेन, आणि त्याला ओव्याचा वास होता. एवढंच शिकले की आभार तोंडाने मागितले की लोक पंख्याचे मानतात. हातात ताट दिलं की आपोआप मानतात, कारण ताट परत करायला यावंच लागतं.

यावंच लागतं. हे दुपारभर डोक्यात घोळत राहिलं. आणि आईचं ते वाक्यही, तिथं कोणाले देऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई काकूंना सोडायला नारायण पेठेत गेली. मी मेट्रोने स्वारगेटला आणि तिथून कात्रजच्या बसने पुढे गेले. बसायला जागा हवी असेल तर डेपोतच चढा, चौकात थांबू नका. हातातली पिशवी जड होती. आमच्या नव्या इमारतीला लिफ्ट आहे, पण अजून चालू झालेली नाही, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला धाप लागली होती. आमच्या दाराला कुलूप. मी बाकीच्या तीन दारांच्या बेल वाजवल्या.

पहिल्या घरातल्या बाईंनी साखळी न काढताच सांगितलं, "आम्हाला काही घ्यायचं नाही."

"मी विकत नाहीये, देतेय. आम्ही जानेवारीत इथे राहायला येतोय. आईने पाठवलंय." हे खोटं होतं. "चकली मऊ आहे." हे खरं होतं.

साखळी निघाली. त्या ताट रिकामं करून आणायला आत वळल्या, तेव्हा मी म्हटलं, घाई नाही, ताट राहू द्या. दुसऱ्या घरी तेच सांगितलं. तिसऱ्या घरी एका आजोबांनी ताट उलटं करून पाहण्याचा प्रयत्न केला, लाडू घरंगळला, मग त्यांनी ते सरळ केलं आणि काठावरचं कोरलेलं नाव मोठ्याने वाचलं. "सौ. वनिता. कोण या?"

"येतीलच आता," मी म्हटलं.

घरी आले तर आई फळीवरची ताटं मोजत होती. आम्ही जानेवारीत जाणार आहोत. तिच्या नावाची तीन ताटं आजच तिकडे राहायला गेली आहेत.