शनिवारची सरळ रेघ

त्या बाईंची केस मनातून जात नाही. नव्वदच्या दशकाची अखेर, मी नाशिकमध्ये औद्योगिक वसाहतीलगतच्या ठाण्यात फौजदार होतो. निफाडकडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका रोज ठाण्यात यायच्या. एकट्या राहायच्या. दोन्ही बाजूंना गोदामं, राहतं घर त्यांचं एकच. तक्रारही एकच: "घरातला बल्ब थरथरतो. डोकं भणभणतं. त्या भट्टीवाल्यांना सांगा."

त्या दिसल्या की आमचा हवालदार म्हणायचा, "बाई आल्या, ट्यूब लागली!" सगळे हसायचे. मीही हसलो. लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

एक दिवस बाईंनी घरामागच्या, विजेच्या भट्टीत पोलाद वितळवणाऱ्या कारखान्याच्या केबिनची काच दगडाने फोडली. रखवालदाराने तक्रार दिली, आम्ही अदखलपात्र नोंद केली. दुसऱ्याच दिवशी पुतण्या अर्ज घेऊन हजर. काकू भ्रमिष्ट झाल्या आहेत, त्यांना मनोरुग्णालयात पाठवा.

मी बाईंना विचारलं, "दगड का मारला?"

"तीन महिने तोंडाने सांगितलं. ऐकलंत?"

मी वीज कार्यालयाला पत्र दिलं. अभियंता पॉवर अ‍ॅनालायझर घेऊन आला. घरच्या मीटरपाशी चिमटे लावले की विजेचा दाब किती हलतो, ते हे यंत्र कागदावर रेघेने उतरवतं. दिवस मीच ठरवला, शनिवार. वसाहत शांत असते, हवालदार मोकळा असतो. दिवसभर रेघ सरळ.

"सप्लाय ओके आहे, साहेब."

शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याचा चेहरा खुलला. मी तिथेच अहवाल लिहायला घेतला: तक्रारीत तथ्य नाही.

बाई दारातून म्हणाल्या, "शनिवारी नाहीच थरथरत. शनिवारी तर मी वाचत बसते."

मी पेन खाली ठेवलं. कारखान्याच्या फोरमनला बोलावलं. "शनिवारी भट्टी चालते?"

"नाय साहेब, शनिवारी आपली सुट्टी असती ना!"

मला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. सुट्टी म्हणूनच तर मी शनिवार निवडला होता!

मग यंत्र आठवडाभर लावून ठेवलं. भट्टी पेटली की रेघेला करवतीसारखे दात फुटायचे, भट्टी थांबली की रेघ सरळ. अभियंता म्हणाला, "हा फ्लिकर, म्हणजे दाब हलला की दिवा थरथरणं. भट्टी आणि बाईंचं घर एकाच लाइनवर आहे. डोकं उठणारच."

कारखान्याला वेगळी लाइन घ्यावी लागली. पुतण्याचा अर्ज मी तथ्यहीन म्हणून निकाली काढला. बाई आपल्या घरातच राहिल्या.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेलो. बल्ब स्थिर होता. बाईंनी चहा टाकला, वरच्या फळीवरून दुसरा कप काढून धुतला.

"आता काही त्रास?"

"नाही हो. पण बाहेर पडायला कारणच उरलं नाही."

कुणाचं म्हणणं तपासायचं तर त्याला त्रास होतो त्या वेळी जा, आपल्या सोयीने नाही, हे ही केस मला शिकवून गेली. बल्ब थरथरतो हे यंत्राने सिद्ध केलं. पण तीन महिने ठाण्यात उभ्या राहणाऱ्या बाईंना आमच्यापैकी एकानेही "बसा" म्हटलं नाही. त्यासाठी कुठलं यंत्र लागत होतं?