बाजारातून जाणारी वाट

"शेठ, दाऊदचाचा गेलं... पहाटे." कोळीणबाईनं दुकानाच्या पायरीवर टोपली टेकवत सांगितलं. मी कापड मोजत होतो. गज हातातच राहिला. याला तीन आठवडे झाले, पण मन थाऱ्यावर येत नाही.

रेवदंड्यात त्यांची नारळाची वाडी नि माझं परसू यांच्यामध्ये एकच दगडी गडगा. माणूस मोठा खट्याळ. ईदचं कापड घेताना घासाघीस करून माझं डोकं उठवायचे, आणि निघताना पिशवीतलं शहाळं गुपचूप गादीवर ठेवायचे.

मग मुंबईत दंगल पेटली नि तिच्या अफवा बोटीनं आमच्या धक्क्यावर उतरल्या. त्याच आठवड्यात चाचांच्या ऐन भरातल्या माडांचे शेंडे कुणीतरी छाटले. शेंडा गेला की माड मेला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नारळ मात्र एकही नेला नव्हता. पकडली गेली ती आमच्याच आळीतली पोरं. चाचांशी त्यांचं कधी वाकडं नव्हतं. गावचे खोत रोपं घेऊन समेटाला गेले, मीही बरोबर होतो. "पोरं चुकली, चाचा. नवी रोपं लावू, फिर्याद मागे घ्या."

चाचा म्हणाले, "नारळ चोरले असते तं हसून सोडलं असतं, खोत. ह्यांना नारळ नको व्हता. मी मुसलमान हाय म्हणून माड मारले. माड माझे मेले, पन भ्या अख्ख्या मोहल्ल्याला घातलं. त्याचं रोप कुठं मिळतं?"

अलिबागच्या कोर्टात झाडांच्या नुकसानीचा दंड झाला. भीतीसाठी कलमच नव्हतं. मोहल्ल्यातली माणसं पूर्वी मशिदीत बाजारातून जायची. ती आता पुळणीवरून, समुद्राकाठच्या वाळूतल्या लांबच्या वाटेनं जाऊ लागली. मला अजून संताप येतो. कोयता चालला माडांवर आणि दोन तुकडे झाले गावाचे! एकटे चाचा दर शुक्रवारी बाजारातूनच जायचे, दुकानादुकानापाशी थांबत, चेष्टा करत. "एक मानूस चालत ऱ्हायला तं वाट मोडत न्हाय," म्हणायचे. आज ना उद्या बाकीचे मागून येतील, अशी त्यांची आशा होती.

ते गेले त्या दिवशी साऱ्या बाजारानं दुकानं बंद ठेवली. जनाजा इथूनच जाणार म्हणून आम्ही वहाणा काढून पायऱ्यांवर उभे राहिलो. खोतही आले, त्या पोरांचे बापही आले. दुपार कलली तरी कुणी येईना. शेवटी मी मोहल्ल्याच्या तोंडाशी जाऊन विचारलं.

चाचांना पुळणीवरून नेलं होतं.